जुन्या रिव्हॉल्व्हरचे परीक्षण व खरेदी

जुन्या रिव्हॉल्व्हरचे परीक्षण म्हणजे पूर्वी वापरले गेलेले आणि साधारणपणे काही दशकांपूर्वी बनलेले रिव्हॉल्व्हर खरेदी करण्यापूर्वी त्याची यांत्रिक स्थिती, सुरक्षितता, मूळपणा, ओळख आणि कायदेशीर दर्जा तपासण्याची पद्धती होय. शस्त्रसंग्राहक, वस्तुसंग्रहालये, लिलावगृहे, नेमबाज आणि परवानाधारक विक्रेते तिचा अवलंब करतात. रिव्हॉल्व्हरमध्ये अनेक चेंबर एका नळीसमोर आळीपाळीने येतात. त्यामुळे त्याची झीज इतर लहान शस्त्रांहून वेगळ्या ठिकाणी होते आणि ती पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. चकचकीत दिसणारे शस्त्र वापरण्यास धोकादायक असू शकते, तर मुलामा उडालेले शस्त्र यांत्रिकदृष्ट्या उत्तम असू शकते. शिवाय अनेक देशांत शस्त्राचे वय, कॅलिबर व अनुक्रमांक यांवर त्याच्या बाळगण्याची वैधता अवलंबून असते. म्हणून परीक्षणातील चुकीची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही.

या लेखात मुख्य उदाहरण म्हणून अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीचे 'मिलिटरी अँड पोलीस' हे रिव्हॉल्व्हर घेतले आहे. १८९९ पासून बनत आलेल्या या प्रकाराचे साठ लाखांहून अधिक नग तयार झाले असून जुन्या शस्त्रांच्या बाजारात तो सर्वत्र आढळतो.

== पार्श्वभूमी ==

सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळवले. आरंभीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू व गोळी सिलिंडरच्या पुढून भरली जाई आणि मागच्या बाजूस तांब्याची टोपी बसवली जाई. आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे पेटंट रॉलिन व्हाइट यांनी १८५५ मध्ये घेतले. त्याच्या आधारे स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये धातूचे काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. हे पेटंट १८६९ मध्ये संपल्यावर इतर उत्पादकांचा मार्ग मोकळा झाला.

यानंतरच्या रिव्हॉल्व्हरचे रचनेनुसार तीन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात चौकट अखंड असते आणि काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक भरली जातात. कोल्टचे १८७३ चे 'सिंगल ॲक्शन आर्मी' या प्रकारचे आहे. दुसऱ्यात शस्त्र बिजागरीवर मधोमध उघडते. ब्रिटिश सैन्यातील वेब्ली हे त्याचे परिचित उदाहरण. तिसऱ्यात सिलिंडर बाजूला बाहेर झुलतो. ही रचना कोल्टने १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये आणली, आणि विसाव्या शतकात तीच प्रमाण ठरली. परीक्षकाने प्रथम हा प्रकार ओळखणे आवश्यक असते, कारण प्रत्येकाची दुबळी जागा निराळी असते.

== वर्गीकरण ==

बाजारात 'जुने' हा शब्द सैलपणे वापरला जातो. संग्राहकांच्या दृष्टीने पुढील भेद महत्त्वाचे मानले जातात.

* पुरातन शस्त्र : कायद्याने ठरवलेल्या वर्षापूर्वी बनलेले. हे वर्ष देशागणिक बदलते.
* संग्राह्य शस्त्र : मूळ स्थितीत टिकलेले, दुर्मीळ किंवा ऐतिहासिक संबंध असलेले.
* नेमबाजीयोग्य शस्त्र : मुलामा किंवा सुटे भाग बदललेले, पण यंत्रणा व नळी चांगली असलेले. संग्राहकाला कमी मोलाचे, परंतु प्रत्यक्ष वापरणाऱ्याला सोयीचे.
* शोभेचे किंवा सुट्या भागांपुरते शस्त्र : गोळी झाडण्यास अयोग्य.

खरेदीदाराला यांपैकी कशाची गरज आहे हे आधी ठरलेले नसेल, तर परीक्षणाचे निकषही ठरत नाहीत. संग्राहक मुलाम्यासाठी पैसे मोजतो, तर नेमबाज यंत्रणेसाठी.

== परीक्षणापूर्वीची दक्षता ==

शस्त्र हातात घेताच ते रिकामे असल्याची खात्री करणे हा सर्वमान्य नियम आहे. विक्रेत्याने ते रिकामे असल्याचे सांगितले किंवा दाखवले तरीही खरेदीदार स्वतः सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर पाहतो. झडपेच्या प्रकारात सिलिंडर पूर्ण एक फेरा फिरवून सर्व चेंबर पाहावे लागतात. या काळात बोट चापापासून दूर आणि नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवले जाते.

रिकाम्या शस्त्राचा घोडा पाडून पाहण्यापूर्वी मालकाची अनुमती घेणे हा शिष्टाचार आहे. जुन्या शस्त्रांत घोड्याच्या टोकाशी जोडलेली आघातसुई ठिसूळ झालेली असू शकते. .२२ सारख्या काठावर आघात होणाऱ्या काडतुसांच्या शस्त्रांत रिकामा घोडा पाडल्यास चेंबरची कड दबते. म्हणून अशा वेळी नकली काडतुसे वापरतात. सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करणे टाळले जाते, कारण त्यामुळे सिलिंडरला आधार देणारा दांडा वाकतो. विक्रेता स्वतःच तसे करत असेल, तर ते शस्त्र यापूर्वीही तसेच हाताळले गेले असण्याची शक्यता गृहीत धरली जाते.

परीक्षणासाठी लहान विजेरी, भिंग, फीलर गेज आणि स्वच्छ कापड एवढी साधने पुरतात.

== यांत्रिक परीक्षण ==

=== सिलिंडरची जुळणी ===

घोडा ताणला जात असताना एक लहान पंजा सिलिंडरच्या मागील दात्यांना ढकलतो. ठरलेल्या जागी पोचताच चौकटीतील खुंटी सिलिंडरच्या खाचेत बसून त्याला अडकवते. घोडा पूर्ण ताणला जाण्याच्या क्षणी किंवा त्याआधी ही खुंटी बसलेली असणे आवश्यक असते. ती बसली नाही तर चेंबर नळीच्या सरळ रेषेत येत नाही. गोळी नळीच्या कडेला घासून शिशाचे कण बाजूला उडतात. हे अंतर फार वाढल्यास शस्त्र फुटू शकते.

तपासणीसाठी घोडा अंगठ्याने अतिशय सावकाश ताणतात आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरवर हलकेच टेकवून किंचित विरोध करतात. घोडा पूर्ण ताणूनही सिलिंडर पुढे सरकून अडकत असेल, तर जुळणी मागे पडलेली असते. पंजा किंवा दाते झिजल्याची ती खूण होय. ही चाचणी प्रत्येक चेंबरवर स्वतंत्रपणे करावी लागते, कारण एखादाच दाता झिजलेला असू शकतो. चाप ओढून घोडा पाडण्याच्या पद्धतीतही ती पुन्हा केली जाते.

यानंतर चाप मागे दाबून ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहतात. येथे उत्पादकाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हालचाल स्वाभाविक असते. जुन्या कोल्टमध्ये चाप मागे असताना पंजा सिलिंडरला दाबून धरतो, त्यामुळे सिलिंडर जवळजवळ निश्चल असणे अपेक्षित असते. मात्र याच रचनेमुळे कोल्टचा पंजा लवकर झिजतो आणि त्याची दुरुस्ती जाणकार कारागिराविना होत नाही. मागून पाहता कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर स्मिथ अँड वेसनचा उलट दिशेने फिरतो.

=== पुढे-मागे होणारी हालचाल ===

सिलिंडर बंद असताना तो पुढे-मागे ढकलून पाहिल्यास जाणवणारी हालचाल शक्य तितकी कमी असावी. दीर्घकाळ जोरदार काडतुसे वापरली गेल्याचा हा सर्वांत बोलका पुरावा मानला जातो. हालचाल वाढली की प्रत्येक बारासरशी सिलिंडर आपटतो आणि झीज आणखी वेगाने वाढते. किरकोळ हालचाल पातळ चकत्या घालून दूर करता येते.

=== सिलिंडर व नळी यांतील फट ===

ही फट फीलर गेजने मोजतात. मोजताना सिलिंडर मागे दाबलेला असावा. विसाव्या शतकातील चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती साधारण ०.००४ ते ०.०१० इंच, म्हणजे सुमारे ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असते. ती फारच कमी असल्यास काही बारांनंतर काजळी साचून सिलिंडर अडकतो. जास्त असल्यास तप्त वायू बाजूने बाहेर पडून गोळीचा वेग घटतो.

=== घोडा व चाप ===

घोडा पूर्ण ताणून, चापाला स्पर्श न करता, अंगठ्याने मागून मध्यम जोराने ढकलतात. तो निसटला तर आतील पकड झिजलेली आहे किंवा चाप हलका व्हावा म्हणून कोणीतरी ती घासलेली आहे. असे शस्त्र दुरुस्तीशिवाय वापरण्यास असुरक्षित ठरते. चाप नेहमीपेक्षा फारच हलका लागणे हीदेखील संशयास्पद बाब होय.

=== सिलिंडरचा आधार व निष्कासक ===

बाहेर झुलणाऱ्या सिलिंडरचा आधार बंद स्थितीत चौकटीशी एकसंध बसला पाहिजे. फट दिसल्यास तो वाकलेला असतो. उघड्या सिलिंडरला फिरवल्यावर निष्कासकाचा दांडा डगमगत असेल, तर तोही वाकलेला असतो. निष्कासक चांदणीच्या टोकांची झीज भिंगाखाली पाहतात.

== नळी व चेंबर ==

नळी पाहण्यापूर्वी ती पुसण्याची विनंती केली जाते, कारण तेल व काजळी यांखाली दोष लपतात. एका बाजूने प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने पाहिल्यास रायफलिंग, म्हणजे नळीतील पेचदार खाचा, तीक्ष्ण दिसायला हव्यात. काळी दारू आणि पूर्वीच्या काडतुसांतील क्षारयुक्त प्रज्वलक यांमुळे नळीत गंजाचे खड्डे पडत. अशा खड्ड्यांनी अचूकतेत फारसा फरक न पडताही शस्त्राचे मोल घटते.

नळीत कडेसारखी गोल गडद सावली दिसणे हा गंभीर दोष आहे. पूर्वीची एखादी गोळी नळीत अडकलेली असताना पुढचा बार झाडला गेल्याने तेथे धातू फुगलेला असतो. बाहेरून बोट फिरवल्यासही हा फुगवटा कधी कधी जाणवतो. अशा नळीवर उपाय नसतो, ती बदलावी लागते.

नळीच्या मागील नरसाळ्यासारख्या भागाला फोर्सिंग कोन म्हणतात. त्यावर तडा गेला आहे का हे काळजीपूर्वक पाहावे लागते. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम चौकटीच्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये या भागाची खालची बाजू सिलिंडरच्या आधारासाठी सपाट केलेली असल्याने पातळ असते. हलक्या व वेगवान गोळ्यांच्या काडतुसांनी तेथे तडे गेल्याची उदाहरणे परिचित आहेत. त्याच्या वरच्या चौकटीवर वायूने कोरलेली बारीक रेघ दिसते. तिची खोली मर्यादित असल्यास ती केवळ वापराची खूण मानतात.

चेंबरमध्ये गंज, ओरखडे किंवा फुगवटा असल्यास वापरलेली काडतुसे बाहेर निघत नाहीत. सिलिंडरच्या बाहेरील खाचा चेंबरच्या सर्वांत पातळ भागावर येत असल्याने तेथील सूक्ष्म तडेही पाहिले जातात.

== बाह्य रूप व मूळपणा ==

संग्राहकाच्या दृष्टीने मूळ मुलामा अमूल्य असतो. नव्याने निळा किंवा निकेलचा मुलामा दिलेले शस्त्र अनभिज्ञ डोळ्यास अधिक सुंदर दिसते, परंतु त्याचे संग्रहमूल्य मोठ्या प्रमाणात घटते. पुनर्मुलाम्याची लक्षणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात.

* अक्षरे व बोधचिन्ह पुसट होणे, त्यांच्या कडा गोलावणे.
* स्क्रूंच्या छिद्रांभोवती बशीसारखा खोलगटपणा येणे.
* चौकटीच्या मूळच्या तीक्ष्ण कडा बोथट होणे, तसेच बाजूच्या झाकणाची सांधरेषा ठळक दिसणे.
* घोडा व चाप यांच्यावरही निळा मुलामा असणे. स्मिथ अँड वेसनमध्ये हे भाग सामान्यतः उष्णतासंस्काराने आलेल्या चित्रविचित्र रंगाचे असत.
* गंजाच्या खड्ड्यांच्या आतही नवा मुलामा दिसणे.

स्क्रूंचे माथे फाटलेले असतील, तर शस्त्र अयोग्य साधनाने उघडले गेले आहे, आणि आतील भागांशीही छेडछाड झाली असण्याचा संभव असतो. नळी कापून आखूड केलेली असल्यास माशी नव्याने बसवलेली दिसते, नळीवरील मजकूर मध्यावर येत नाही आणि तोंडाची कड कारखान्यातल्यासारखी घोटीव नसते. मुठीच्या लाकडी फळ्या चौकटीशी तंतोतंत बसत नसतील, तर त्या नंतरच्या असतात.

== मिलिटरी अँड पोलीस : कालनिश्चिती ==

या रिव्हॉल्व्हरच्या रचनेत झालेले बदल त्याचा काळ ठरवण्यास उपयोगी पडतात.

* १८९९ : .३८ स्पेशल काडतुसासाठी निर्मिती सुरू. निष्कासकाच्या दांड्याला पुढून आधार नाही.
* १९०२ : नळीखाली दांड्याला अडकवणारा उंचवटा.
* १९०५ : चापरक्षकापुढे एक स्क्रू वाढला. झाकणाचे चार व हा एक मिळून पाच स्क्रू झाले.
* १९४२ : युद्धकालीन 'व्हिक्टरी' प्रकार. अनुक्रमांकाआधी 'व्ही' अक्षर, घोटाई न केलेला करडा मुलामा, साध्या गुळगुळीत फळ्या आणि मुठीखाली दोरीची कडी.
* १९४४-४५ : सुधारित घोडा-अवरोधक.
* १९५५ च्या सुमारास : झाकणाचा वरचा स्क्रू गेला, चार स्क्रू उरले.
* १९५७ : नमुना क्रमांकाची पद्धत सुरू. मिलिटरी अँड पोलीस 'मॉडेल १०' झाले.
* १९६१ च्या सुमारास : चापरक्षकापुढील स्क्रू गेला, तीन उरले.

यांतील घोडा-अवरोधकाचा बदल एका दुर्घटनेतून आला. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर रिव्हॉल्व्हर डेकवर पडून उडालेल्या गोळीने एका नाविकाचा मृत्यू झाला. जुना अवरोधक घट्ट झालेल्या संरक्षक ग्रीसमुळे अडकून निकामी होऊ शकतो असे आढळल्यावर कंपनीने चापाशी जोडलेला सरकता अवरोधक बसवला. अशा शस्त्रांच्या अनुक्रमांकाआधी 'एस' अक्षर वाढवण्यात आले. त्यामुळे 'एसव्ही' असलेले युद्धकालीन नग निव्वळ 'व्ही' असलेल्या नगांहून पडण्याच्या बाबतीत अधिक सुरक्षित समजले जातात. युद्धानंतर 'एस' आणि पुढे 'सी' ही अक्षरे आढळतात.

या मालिकेत अनुक्रमांक मुठीच्या तळाशी असतो. जुन्या नगांत तोच क्रमांक सिलिंडरच्या मागील पृष्ठावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या फळीच्या आतील बाजूस आढळतो. सर्व क्रमांक जुळणे हा मूळपणाचा प्रमुख पुरावा होय. सिलिंडर बदललेला असल्यास जुळणी व फट पुन्हा तपासावी लागते. सिलिंडरच्या आधाराजवळील चौकटीवरचा नमुना क्रमांक किंवा कारखान्याच्या जुळणीचे आकडे अनुक्रमांक समजण्याची चूक नेहमी होते.

कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून शस्त्र कधी व कोणाला पाठवले गेले याचे पत्र शुल्क भरून मिळवता येते. कोल्टच्या बाबतीतही अशी सोय आहे. मूळ नळीची लांबी, मुलामा व कॅलिबर यांची खातरजमा करण्यास हे पत्र उपयोगी पडते.

== बदललेल्या चेंबरचा धोका ==

दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर ब्रिटन व राष्ट्रकुलातील देशांना देण्यात आली. ती .३८ स्पेशलऐवजी ब्रिटिश सैन्याच्या .३८/२०० काडतुसासाठी होती. हे काडतूस मापाने .३८ स्मिथ अँड वेसन काडतुसासारखेच आहे. नावे सारखी असली तरी दोन्ही काडतुसे परस्परांऐवजी चालत नाहीत.

.३८ स्मिथ अँड वेसनचे कवच ०.७७५ इंच लांब, बुडाशी सुमारे ०.३८६ इंच जाड असून गोळी सुमारे ०.३६१ इंच व्यासाची असते. .३८ स्पेशलचे कवच १.१५५ इंच लांब, सुमारे ०.३७९ इंच जाड असून गोळी सुमारे ०.३५८ इंचाची असते. म्हणजे दुसरे काडतूस लांब पण बारीक आहे.

युद्धानंतर ही अतिरिक्त शस्त्रे व्यापाऱ्यांनी विकत घेतली. अमेरिकी बाजारात .३८ स्पेशल सहज मिळत असल्याने अनेक नगांचे चेंबर पुढे कोरून लांब करण्यात आले. मागचा भाग मात्र मूळचाच रुंद राहिला. अशा चेंबरमध्ये .३८ स्पेशलचे कवच बुडाशी फुगते, कधी उभे फाटते आणि वायू मागे येण्याचा धोका निर्माण होतो. अचूकताही घटते. बहुतेक वेळा पाच इंची नळीही कापून आखूड केलेली असते.

हा बदल ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सिलिंडरमध्ये वापरलेले .३८ स्पेशलचे कवच टाकून पाहिल्यास मूळ .३८/२०० चेंबरमध्ये ते पूर्ण बसत नाही. पूर्ण बसले आणि सैलही वाटले, तर चेंबर कोरलेला असण्याची शक्यता मोठी. बर्मिंगहॅम वा लंडन येथील चाचणीमुद्रांत काडतुसाचा व्यास, कवचाची लांबी व दाब टनांत कोरलेला असतो. त्यावरूनही मूळ चेंबर समजतो.

वेब्लीच्या बाबतीतही असाच प्रकार घडला. १९१५ चे .४५५ कॅलिबरचे 'मार्क सहा' अमेरिकेत विकताना सिलिंडरची मागील बाजू तासून .४५ एसीपी काडतुसे चालतील असे करण्यात आले. या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसाहून बराच अधिक आहे. तासलेला सिलिंडर असलेल्या वेब्लीत कारखान्यात बनलेली पूर्ण दाबाची .४५ एसीपी काडतुसे वापरणे अयोग्य मानले जाते. बिजागरीच्या या प्रकारात बिजागरी व वरची कडी यांतील ढिलाईही अवश्य पाहिली जाते.

काळ्या दारूच्या काळातील शस्त्रांत धूरविरहित दारूची काडतुसे वापरू नयेत असा सर्वसाधारण संकेत आहे. कोल्टने सिंगल ॲक्शन आर्मीसाठी धूरविरहित दारूची हमी १९०० पासून दिली. त्याआधीच्या नगांना हा संकेत लागू होतो. या शस्त्रात सहाऐवजी पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवण्याची प्रथा आहे, कारण घोड्यावर आघात झाल्यास खालचे काडतूस उडू शकते.

== नकला व बनावट खुणा ==

विसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एइबार परिसरात स्मिथ अँड वेसनसारखी दिसणारी रिव्हॉल्व्हर मोठ्या संख्येने बनली. त्यांच्या नळीवर 'स्मिथ अँड वेसन' ही अक्षरे केवळ काडतुसाचे नाव म्हणून ठळकपणे कोरलेली असत. बोधचिन्हही मिळतेजुळते असे. त्यांच्या पोलादाचा दर्जा असमान असल्याने ती वापरण्याचे टाळले जाते. बेल्जियममधील लिएज येथील शस्त्रांवर अंडाकृतीत 'ईएलजी' व चांदणी अशी चाचणीमुद्रा दिसते. आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल भागात वेब्लीच्या हाताने बनवलेल्या नकला होत आल्या आहेत. चुकीचे वर्णलेखन व उलटी अक्षरे ही त्यांची प्रसिद्ध खूण होय.

अस्सल शस्त्रावर मागाहून कोरलेल्या खोट्या खुणा हा वेगळा प्रकार आहे. सैन्याच्या मालकीचा शिक्का, पोलीस दलाचे नाव किंवा एखाद्या ख्यातनाम व्यक्तीचे नाव कोरल्याने किंमत वाढते. मूळ शिक्का मुलाम्यापूर्वी मारलेला असल्याने त्याच्या खोलगट भागातही मुलामा असतो. नंतरच्या शिक्क्याच्या कडेला उघडा धातू किंवा उंचावलेली कड दिसते. तोंडी सांगितलेल्या इतिहासाला कागदोपत्री आधार नसल्यास किंमत केवळ शस्त्रापुरती ठरवावी, असे जाणकार संग्राहक मानतात.

== किंमत ठरवणारे घटक ==

अमेरिकेत राष्ट्रीय रायफल संघटनेने केलेली स्थितीची प्रतवारी सर्वाधिक वापरली जाते. तीत आधुनिक शस्त्रांसाठी 'उत्कृष्ट', 'अतिउत्तम', 'चांगले', 'साधारण' अशा पायऱ्या आहेत. 'चांगले' म्हणजे वापरास सुरक्षित, किरकोळ झीज असलेले, तुटके भाग नसलेले शस्त्र. पुरातन शस्त्रांसाठी निकष वेगळे व अधिक सौम्य आहेत. याखेरीज शिल्लक मूळ मुलामा टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे.

किंमत वाढवणारे घटक म्हणजे जुळणारे अनुक्रमांक, मूळ पेटी व कागदपत्रे, दुर्मीळ नळीची लांबी किंवा कॅलिबर, आणि सिद्ध झालेला इतिहास. घटवणारे घटक म्हणजे पुनर्मुलामा, कापलेली नळी, बदललेला चेंबर, न जुळणारा सिलिंडर आणि जादा पाडलेली छिद्रे. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून पाहिला जातो. जुन्या कोल्टसारख्या शस्त्रांचे भाग व कारागीर दोन्ही दुर्मीळ असल्याने हा खर्च कधी शस्त्राच्या किमतीएवढा होतो. लिलावात खरेदीदाराकडून घेतले जाणारे अधिमूल्यही हिशेबात धरावे लागते.

== कायदेशीर बाजू ==

=== अमेरिका ===

१९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुरातन मानली जातात आणि संघीय नियंत्रणातून मोठ्या प्रमाणात वगळली जातात. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातील शस्त्रे 'कुतूहलवस्तू व अवशेष' या वर्गात येतात. त्यांच्यासाठी संग्राहकांना स्वतंत्र परवाना मिळतो. इतर हातशस्त्रांचा आंतरराज्य व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच होतो. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात.

=== ब्रिटन ===

डनब्लेन येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये बहुतेक हातशस्त्रांवर बंदी आली. अप्रचलित कॅलिबरची पुरातन शस्त्रे शोभेची वस्तू म्हणून बाळगता येतात. परंतु अशी शस्त्रे गुन्ह्यांत वापरली गेल्याने २०२१ मध्ये नवे नियम करून काही कॅलिबर या सवलतीतून काढण्यात आले.

=== भारत ===

भारतात रिव्हॉल्व्हर बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना आवश्यक असतो. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.

केवळ जुने असल्याने शस्त्र परवान्यातून सुटत नाही. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जुन्या पद्धतीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र तेव्हाच वगळले जाते, जेव्हा ते दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही. कलम ८ नुसार शस्त्रावरील ओळखचिन्हे पुसणे किंवा बदलणे आणि ओळखचिन्हे नसलेले शस्त्र विकणे वा हस्तांतरित करणे निषिद्ध आहे. त्यामुळे घासलेला अनुक्रमांक हा भारतात संग्रहमूल्याचा नव्हे तर फौजदारी कायद्याचा प्रश्न ठरतो.

.३८० व .४५५ ही सैनिकी काडतुसे झाडू शकणारी रिव्हॉल्व्हर नियमांतील निर्बंधित वर्गात मोडतात. त्यामुळे वर वर्णिलेले .४५५ वेब्ली किंवा .३८/२०० चे व्हिक्टरी सामान्य परवान्यावर घेता येत नाही. खासगी व्यवहारांत .३२ कॅलिबर प्रचलित आहे. १९८० च्या दशकात आयातीवर निर्बंध आल्यापासून .३२ कॅलिबरच्या जुन्या वेब्ली अँड स्कॉटसारख्या विदेशी रिव्हॉल्व्हरना देशी बाजारात मोठी मागणी राहिली आहे. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यातही .३२ रिव्हॉल्व्हर तयार होते.

एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्यापूर्वी खरेदीदाराच्या नावपत्त्यासह जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात राहिलेले शस्त्र वारसाने विनापरवाना ठेवणे बेकायदा असते. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकते आणि तिच्या खासगी निर्यातीस मनाई आहे. हस्तिदंती मुठीच्या शस्त्रांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील व्यापारबंदी लागू होते.

== खरेदीनंतरचे जतन ==

खरेदीनंतर प्रत्यक्ष वापरापूर्वी अनुभवी शस्त्रकारागिराकडून तपासणी करून घेणे इष्ट समजले जाते. साठलेले ग्रीस काढून हलके तेल लावतात. निकेलच्या मुलाम्यावर तांबे विरघळवणारे द्रावण जास्त वेळ राहिल्यास मुलामा सोलवटतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवल्यास चामड्यातील आर्द्रता व क्षारांमुळे गंज चढतो. कोकणासारख्या दमट हवेत हा धोका अधिक असतो. जुना मुलामा घासून चकचकीत करणे संग्राहक टाळतात, कारण गेलेला मूळ मुलामा परत आणता येत नाही.

== हे सुद्धा पहा ==

* रिव्हॉल्व्हर
* स्मिथ अँड वेसन
* कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी
* वेब्ली रिव्हॉल्व्हर
* काडतूस
* शस्त्र अधिनियम, १९५९